आबांची ठासणीची बंदूक आणि पोराची कार्बाईन



एरवी या पानावर आपण खोडवा, हुमणी, भुईमुगाच्या आऱ्या असलंच बोलतो. आज जरा वेगळं. आज बंदुकीवर लिहितोय. कारण आमच्या घरातली बंदूक दहा महिन्यांपासून पोलीस ठाण्यात जमा आहे. ती माझ्या नावावर करून घ्यायची का सरकारजमा करायची, हे मला या महिन्यात ठरवायचं आहे.

आण्णा गेले गेल्या वर्षी. परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ते ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावं लागतं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती पोत्यात गुंडाळून नेऊन दिली आणि पावती घेतली. नंतर वारस म्हणून अर्ज करायचा म्हणून कागदं काढायला ट्रंक उघडली, तर तळाशी आबांचं, म्हणजे माझ्या आज्याचं, परवान्याचं जुनं पुस्तक सापडलं. पहिल्या पानावर शिक्का आहे 'दक्षिण सातारा' जिल्ह्याचा. पुढच्या पानांवर 'सांगली'.

नव्या पोरांना हे माहीत नसतं. आपली वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर ही सगळी जुन्या सातारा जिल्ह्यातली. १९४९ साली १ ऑगस्टला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे माझ्या आज्यानं एकाच रानात राहून, एकाच बंदुकीवर, दोन नावांच्या जिल्ह्यांचे शिक्के घेतले. हे पुस्तक वाचता वाचता मला आपल्या भागाचा एक इतिहासच दिसायला लागला. तो सांगतो.

पण आधी पोराचं सांगतो, कारण खरं निमित्त तेच. पोरगा अकरावीत आहे. बंदुकीचा विषय घरात निघाला तसं त्यानं मोबाईल पुढं केला. परदेशातला कोणतरी गडी, हातात काळी आखूड बंदूक, ठाक ठाक ठाक पाट्या पाडतोय. "पप्पा, ही नऊ एमएमची कार्बाईन हाय. पिस्तुलाचीच गोळी लागती, धक्का बसत नाय. आबांची जुनी घेण्यापरीस आपल्याला असली मिळंल का राखणीला?"

शेजारी आमचे तात्या बसले होते. कान जरा मंद. ते म्हणाले, "कार्बाईडची व्हय? ती पायपाची? माकडांना लावत्यात ती?"

हसू नका. हा घोटाळा गावोगाव आहे. तात्या म्हणतात ती कार्बाईड गन म्हणजे पीव्हीसी पाईपात कॅल्शियम कार्बाईडचा खडा, त्यावर पाणी. त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो, लायटरनं ठिणगी दिली की मोठा बार. माकडं पळवायला लई जण वापरतात. पण बार झाला नाही म्हणून पाईपात डोकावलं की डोळा गेलाच म्हणून समजा. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं बऱ्याच पोरांचे डोळे त्यानंच जखमी झाले. तेव्हा ती पोरांच्या हातात देऊ नका, एवढं सांगून पुढं जातो.

पोरगा म्हणत होता ती कार्बाईन वेगळी. आमच्या घरात ती चालवलेला माणूस आहे. आमचे बापूकाका, मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर. त्यांना संध्याकाळी बोलावलं.

बापूकाका म्हणाले ते थोडक्यात असं. कार्बाईन म्हणजे आखूड नळीची बंदूक. पूर्वी घोडेस्वारासाठी असायची. पिस्तुलाच्या गोळीची जी कार्बाईन आपल्या फौजेत आणि पोलिसांत आली, तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धात. १९४१ साली इंग्रजांना घाईघाईत स्वस्तातलं हत्यार पाहिजे होतं, तेव्हा स्टेनगन निघाली. पत्रा, नळी, स्प्रिंग आणि वेल्डिंग. नऊ एमएमची पिस्तुलाची गोळी, बत्तीस गोळ्यांचं मॅगझीन आडवं डावीकडं. पुढं तिच्या जागी स्टर्लिंग आली. तीच आपल्याकडं कानपूरच्या कारखान्यात बनली आणि पिढ्यान्पिढ्या फौजेत, पोलिसांत वापरली गेली.

"चांगली होती का?" पोरानं विचारलं.

"जवळच्या मारामारीला चांगली. शंभर पावलांच्या आत. पुढं गोळीत दम राहत नाही. आणि स्टेनला एक खोड होती. भरलेली असताना दस्त्यावर आपटली, उंचावरनं पडली, तर आतला बोल्ट धक्क्यानं मागं जाऊन पुढं यायचा आणि चापाला हात न लावता गोळी सुटायची. मॅगझीनही पुरतं भरायचं नाही. दोनतीन गोळ्या कमीच भरायच्या, नाहीतर अडकायचं. म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी गोळी मारायला शिकवलं नाही. पहिल्या दिवशी शिकवलं ते रिकामी करायला. मॅगझीन काढ, बोल्ट ओढ, चेंबरमध्ये डोळ्यानं बघ, बोटानं चाचप. मग पुलथ्रू, चिंधी, तेल. गोळी मारायला सेकंद लागतो. साफ करायला अर्धा तास. मालकी म्हणजे तो अर्धा तास."

मग त्यांनी यशवंत घाडग्यांची गोष्ट सांगितली. नाईक यशवंत घाडगे, कोकणातले, पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. हातात टॉमीगन, म्हणजे तीही पिस्तुलाच्याच गोळीची, पॉइंट पंचेचाळीसची. तुकडीतले बाकीचे सगळे पडले. एकट्यानं मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळीनं पाडलं आणि मॅगझीन संपलं. दुसरं लावायला वेळ नाही. तेव्हा नळीला धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. तिथंच ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पोरगा गप्प झाला. मी म्हटलं, आता कायदा ऐक.

नऊ एमएमची फौजी गोळी जिच्यात बसते ती कार्बाईन तुम्हाआम्हाला मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ साली जे नियम झाले, त्यांच्या परिशिष्टात कार्बाईन हे नाव घेऊनच ती बंदी असलेल्या वर्गात घातली आहे. आणि चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात असली स्वयंचलित हत्यारं तर कायद्याच्या व्याख्येतच 'निषिद्ध'. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असलं निषिद्ध हत्यार जवळ सापडलं तर कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा वर्षं कैद. तेव्हा कोण 'जुळवून देतो' म्हणत असेल, तर त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका.

मग शेतकऱ्याला काय मिळतं? इथं इतिहास सुरू होतो.

बंदूक आणि राज्यकर्ता यांचं नातं आपल्या भागात आधीपासून ताणलेलं. १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं. १८५७ ला रंगो बापूजींच्या कटात सापडलेल्या सतरा जणांना साताऱ्यात गेंडामाळावर मारलं. त्यानंतर देशभर हत्यारं गोळा करायचे कायदे आले आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात पक्का शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला माफी. विश्वास कुणावर आहे आणि कुणावर नाही, हे त्या कायद्यानं लिहूनच ठेवलं.

पण त्यांनाही एक अडचण होती. शेतसारा पाहिजे तर पीक पाहिजे, आणि पीक पाहिजे तर डुकराला, सांबराला कुणीतरी हाकललं पाहिजे. म्हणून रानटी जनावरांपासून माणूस, गुरं आणि पीक राखायला परवान्याची एक फट त्यांनी ठेवली. त्या फटीतनं जे हत्यार आलं ते ठासणीचं. तोंडातनं दारू, मग चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं, कानाला टोपी लावायची, घोडा चढवायचा. एक बार झाला की पुन्हा भरायला मिनिट जातं. म्हणजे डुकराला पुरेल, पण बंडाला पुरणार नाही. माझ्या मते ठासणीची बंदूक शेतकऱ्याच्या हातात राहिली त्याचं कारण हेच.

कर्नाटकात कोडगूमध्ये मात्र उलटं. तिथं कोडवा लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याची माफी आहे. ती आजही चालू आहे, २०२९ पर्यंत वाढवली आहे. तिथं बंदूक सणाला पूजतात. एकाच देशात एका डोंगरी शेतकऱ्याला माफी आणि दुसऱ्याला फट. फरक पिकाचा नाही, डुकराचाही नाही. राज्यकर्त्याच्या विश्वासाचा आहे.

आणि आमच्या भागावर इंग्रजांचा विश्वास का नव्हता, ते १९४२ नंतर दिसलंच. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार, दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात. हातात तिरंगा घेतलेली माणसं पडली. मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, किसन वीर आणि गावोगावची किती माणसं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि सोबत्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तोही पहारेकऱ्यांच्याच बंदुका हिसकावून. १४ एप्रिल १९४४ ला तिकडं धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला.

एक गोष्ट लक्षात घ्या. एवढं मोठं बंड, पण हत्यारं किती थोडी. ज्यांच्याकडून हिसकावायची त्यांच्याचकडं ती. प्रतिसरकारचं खरं बळ होतं भाकरी देणारं घर आणि तोंड न उघडणारं गाव. २५ फेब्रुवारी १९४५ ला आमच्या शिराळा तालुक्यात मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी चकमक झाली, तिथं किसन अहिर आणि नानकसिंग पडले. नानकसिंग पार पंजाबकडचे, आझाद हिंद सेनेतले. कुठला माणूस कुठं येऊन पडला.

हे मणदूर आज लोकांना माहीत आहे ते चांदोलीच्या जंगलाचं दार म्हणून. अभयारण्य १९८५ ला झालं, राष्ट्रीय उद्यान २००४ ला, आणि २०१० ला कोयना धरून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. ज्या डोंगरात बंदूक घेऊन माणसं लपली, त्याच डोंगरातनं आता रात्री गवे आणि डुकरं उतरतात. आणि तिथंच बंदुकीचा कायदा परत आडवा येतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू. त्याचं कलम १३ शेतकऱ्यानं एकदा तरी वाचावं. त्यात सरळ लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यायचा. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर वीस इंचापेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे आपली बारा बोअरची, देता येते. इंग्रजांची फट आपण दरवाजा करून ठेवली. आबांच्या पुस्तकात १९६३ चं नूतनीकरण आहे, त्यावर हेच कारण: पीकसंरक्षण.

पण १९७२ ला वन्यजीव कायदा आला. त्याचं कलम ३४ असं की अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडं नोंद करायची, आणि तिथं नवा परवाना वन्यजीव विभागाच्या संमतीशिवाय द्यायचा नाही. आणि परवाना असला म्हणून डुकराला गोळी घालता येते असं अजिबात नाही. त्याला कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनं डुक्कर अनुसूची २ मध्ये गेलं. मेलेलं जनावरही सरकारचं, घरी आणायचं नाही.

म्हणजे बघा. एक कायदा म्हणतो पिकासाठी बंदूक घे. दुसरा म्हणतो पिकातल्या जनावरावर ती चालवू नकोस, आधी विचार. दोन्ही कायद्यांना आपापलं कारण आहे, मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण दोघांच्या मधल्या बांधावर उभा आहे तो शेतकरी. मी अर्ज घेऊन तीन टेबलं फिरलो. एकानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, तिसऱ्यानं विचारलं, "मारणार नसाल तर बंदूक कशाला?" खरं सांगतो, मला उत्तर आलं नाही.

उत्तर मी घरी येऊन शोधलं. तात्यांना विचारलं, आबांनी आयुष्यात डुकरं मारली किती? तात्या म्हणाले, "दोन. का तीन आसतील. बाकी सगळे बार आभाळात." चाळीस वर्षांत! भुईमुगाला आऱ्या सुटल्यापासून काढणीपर्यंत, मक्याचं कणीस दुधात आल्यापासून, आबा रोज रात्री माळ्यावर. दिवस मावळला की एक बार, पहाटे एक बार. बंदूक आवाजाला होती.

आणि पहाटेचा बार का, तेही तात्यांनीच सांगितलं. तात्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत हे आम्ही लहानपणापासून बघतोय. 'मळणीत गेली' असं आम्हाला सांगितलेलं. ते खोटं. १९६८ च्या पावसाळ्यात आबा पहाटे भरलेली बंदूक खोपीच्या कुडाला टेकवून गुरं सोडायला गेले. रात्री डुक्कर आलं नव्हतं म्हणून बार काढलेला नव्हता. ठासणीचं हत्यार एकदा भरलं की बार काढल्याशिवाय रिकामं होणं अवघड. तात्या तेव्हा सोळा वर्षांचे. पाऊस लागतोय म्हणून त्यांनी बंदूक नळीला धरून आत ओढली. घोडा कुडाच्या कामटीत अडकला, मागं गेला आणि सुटला.

बापूकाका हे ऐकून म्हणाले, "स्टेनचं आणि हिचं दुखणं एकच. माणसानं चाप दाबायची वाट ती बघत नाही."

त्या दिवसापासून आबांनी नियम केला. पहाटे बार आभाळात काढायचा, टोपी उतरवायची, गज घालून नळी रिकामी आहे हे बघायचं, मगच घरात. दारू एका जागी, टोप्या दुसऱ्या जागी, बंदूक तिसऱ्या. आणि जेवायच्या आधी सफाई. काळ्या दारूची राख, सोरा, गंधक आणि कोळशाची, हवेतलं पाणी ओढते. आमच्याकडच्या पावसात एका रात्रीत नळी आतनं लाल होते. म्हणून नळीत कडकडीत पाणी ओतायचं, चिंधीनं कोरडी करायची, तेलाचा हात फिरवायचा. गंजून पातळ झालेली नळी पुढच्या बाराला फुटते, आणि फुटते ती तोंडाजवळ. आण्णांनी हा नियम शेवटपर्यंत पाळला. आण्णांच्या परवान्यात एकही नूतनीकरण चुकलेलं नाही, आणि बंदुकीवर गंजाचा डाग नाही.

आता माझं. मी रोज रात्री माळ्यावर बसत नाही. सौर झटका मशीन आहे, चार तारा आहेत, बॅटरी आहे. (घरची लाईन तारेत सोडणारे आजही आहेत. माणूस मरतो, बाबांनो. ते करू नका.) अर्धा तास सफाईला मी देईन का? खरं उत्तर, नाही देणार. आठवडाभर देईन, मग पावसाळ्यात विसरेन. आणि घरात सोळा वर्षांचं पोरगं आहे, त्याला आखूड काळी बंदूक मोबाईलमध्ये फार सोपी दिसते. तात्याही सोळाचेच होते.

म्हणून ठरवलं. बंदूक मी घेत नाही. जमा करतोय.

पण हे सगळ्यांना लागू आहे असं म्हणत नाही. पाटणला माझी सासुरवाड, मेव्हण्याचं रान जंगलाला लागून, घरं लांब लांब. त्याच्याकडं बारा बोअर आहे, नोंद आहे, कागद पूर्ण आहेत, आणि तो ती आबांसारखी सांभाळतो. त्यानं ठेवावी. ज्यांना ठेवायची त्यांच्यासाठी चार गोष्टी. परवाना आता पाच वर्षांचा असतो, तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत पाहिजे. धारक गेला तर हत्यार लगेच जमा करून पावती घ्या, वारसाला अर्ज करता येतो. धारक सत्तरीचा झाला किंवा परवान्याला पंचवीस वर्षं झाली तर हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं, २०१६ च्या नियमांत ती सोय आहे, त्यामुळं नंतरचे हेलपाटे वाचतात. हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण नव्या परवान्याला लागतंच, ते मनापासून घ्या. आणि भरलेली बंदूक कधी, कधीही, भिंतीला टेकवू नका.

जमा करायच्या कागदावर सही करायला तात्यांना बरोबर नेलं होतं. हवालदारानं मालखान्यातनं ती आणली, टेबलावर ठेवली. तात्यांनी तीन बोटांच्या हातानं गज उचलला, नळीत घातला, बाहेरून किती राहतो ते बघितलं. रिकामी होती. दहा महिने ती पोलिसांच्याच ताब्यात होती, रिकामीच असणार. तरी बघितलं. मग गज जागेवर बसवला आणि म्हणाले, "चला."

परवान्याच्या पुस्तकाची रंगीत झेरॉक्स काढून ठेवली आहे. पोराला सांगितलंय, कार्बाईनचा व्हिडिओ बघायचा तर बघ, पण आधी हे पुस्तक वाच.

भुईमुगाला अजून वीस दिवस आहेत. काल रात्री ओढ्याच्या बाजूनं दोन ठिकाणी उकरलंय. आज तिकडची खालची तार वीतभर खाली घेतो. तुमच्याकडं डुकरं कुठल्या बाजूनं येतात आणि तुम्ही काय करता, ते लिहा.

राम राम.